काल्पनिक वाद्यचित्रे

काल्पनिक वाद्यचित्रे : प्रत्यक्षात कधीही न घडविलेल्या अथवा घडविता न येणाऱ्या वाद्यांची चित्रे. पाश्चात्त्य कलेत ह्या चित्रांची परंपरा हजार वर्षांहून जुनी आहे. मध्ययुगीन हस्तलिखितांतील रंगीत चित्रे, मुद्रणयुगातील काष्ठठसे व ताम्रपटावरील उत्कीर्णने आणि आधुनिक काळातील शाई व जलरंग यांतील छोटी, लहरी रेखाटने अशी तिची तीन स्थूल रूपे दिसतात. आज हा प्रकार मुख्यतः विनोदी चित्रकलेचा मानला जात असला, तरी त्याचा उगम विनोदात नाही. आरंभीची बरीच चित्रे ती वाद्ये खरी आहेत अशा श्रद्धेने काढलेली आहेत.

हेतूच्या दृष्टीने ह्या चित्रांचे तीन वर्ग पडतात : (१) ऐकीव वा लिखित वर्णनावरून, वाद्य न पाहता काढलेली चित्रे, (२) पुढे वाद्य घडवावे ह्या उद्देशाने केलेले, पण त्या काळी कागदावरच राहिलेले आराखडे, (३) कल्पनेच्या आनंदासाठी, उपहासासाठी किंवा रूपक म्हणून जाणीवपूर्वक रचलेली चित्रे. तिन्ही वर्गांतील चित्रे वरवर सारखीच दिसतात, आणि संगीताच्या इतिहासकारापुढील खरी अडचण इथेच आहे. ध्वनिमुद्रणाचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लागला. त्यापूर्वीचा ध्वनी उरलेला नाही. लाकूड, कातडे व तात यांची बनविलेली वाद्येही फारशी टिकत नाहीत. त्यामुळे लुप्त वाद्यांविषयीचे पुष्कळसे ज्ञान चित्रे व शिल्पे यांवर विसंबून असते. चित्रकाराने वाद्य पाहून काढले, ऐकून काढले की कल्पिले, याचा निर्णय चुकला, तर कधीच न वाजलेले वाद्य इतिहासात दाखल होते आणि खरोखर वाजलेले वाद्य कल्पना म्हणून बाजूला पडते.

मध्ययुगीन उगम : पहिल्या वर्गातील सर्वांत प्रभावी चित्रे एका बनावट पत्रातून निर्माण झाली. संत जेरोम (मृत्यू ४२०) याने दार्दानुस नावाच्या गृहस्थास लिहिले असे मानले गेलेले, बायबलमधील वाद्यांचे वर्णन करणारे एक लॅटिन पत्र नवव्या शतकापासून यूरोपातील मठांत प्रचलित झाले. ते जेरोमचे नाही, हे आता सर्वमान्य आहे. पत्रातील वर्णने विलक्षण आहेत. त्यातील ऑर्गन दोन हत्तींच्या कातड्यांचा असून त्याला लोहाराचे पंधरा भाते व पितळेच्या बारा नळ्या आहेत. त्याचा आवाज जेरूसलेमहून ऑलिव्ह पर्वतापर्यंत जातो. ‘सिथारा’ हे तंतुवाद्य ग्रीक डेल्टा अक्षराप्रमाणे त्रिकोणी असून त्याला चोवीस तारा आहेत. ‘साल्टेरिअम’ चौकोनी असून त्याला दहा तारा आहेत. ‘कोरस’ म्हणजे दोन पितळी नळ्या लावलेले एक कातडे. एका नळीने फुंकायचे आणि दुसरीतून स्वर बाहेर पडायचा.

ह्या वर्णनांमागे कारागिराचा अनुभव नाही, धर्मशास्त्रीय प्रतीकविचार आहे. दहा तारा म्हणजे दहा आज्ञा, आकृतीचे तीन कोन म्हणजे त्रैक्य, असे अर्थ लावण्याची सोय करून वाद्याची रचना सांगितलेली आहे. नकलकार भिक्षूंनी मात्र शब्द प्रमाण मानून त्यांवरून चित्रे काढली. बोरूने शाईची रेघ ओढावी आणि तीत पातळ रंग भरावा, ही त्यांची नेहमीची पद्धती होती. त्रिकोण, चौकोन, नळ्या व घंटा यांच्या त्या स्वच्छ आकृतींत तारा ताणण्याची व्यवस्था नसते, वादकाचा हात पोचण्यास जागा नसते आणि ध्वनी घुमविणारी पोकळीही बहुधा नसते. तरीही ह्या आकृतींच्या नकला शतकानुशतके होत राहिल्या.

मुद्रणकलेने ह्या कल्पनांना नवे आयुष्य दिले. झेबास्टिआन फिर्डुंग याने १५११ मध्ये बाझेल येथे प्रसिद्ध केलेल्या जर्मन ग्रंथात, म्हणजे वाद्यांवरील यूरोपातील पहिल्या छापील पुस्तकात, ल्यूट, बासऱ्या, ऑर्गन इ. प्रचलित वाद्यांबरोबर जेरोमची म्हणून ओळखली जाणारी वाद्येही काष्ठठशांच्या रूपाने छापली. मिखाएल प्रेटोरिउस (१५७१–१६२१) ह्या जर्मन संगीतकाराच्या वाद्यविषयक ग्रंथाचा १६२० मधील चित्रखंड तर ह्या संदर्भात विशेष उद्‌बोधक आहे. त्यातील बहुतेक वाद्ये प्रमाणबद्ध असून चित्राबरोबर मोजपट्टी छापलेली आहे. विसाव्या शतकात जुनी वाद्ये पुन्हा घडविणाऱ्या कारागिरांना ह्या मापांचा पुष्कळ उपयोग झाला. त्याच खंडात जेरोमची वाद्येही आहेत. पट्टीने मोजलेले आणि कधीच अस्तित्वात नसलेले, असे दोन्ही एकाच पुस्तकात व एकाच शैलीत छापलेले असल्यामुळे, केवळ चित्राच्या सफाईवरून त्याची सत्यता ठरविता येत नाही, हे येथे स्पष्ट होते.

समास आणि नरक : तिसऱ्या, म्हणजे जाणीवपूर्वक कल्पिलेल्या चित्रांचा प्रारंभ तेराव्या-चौदाव्या शतकांतील हस्तलिखितांच्या समासांत आढळतो. प्रार्थनापुस्तकाच्या कडेला ससे, डुकरे व माकडे वाद्ये वाजविताना दाखविलेली असतात. कोणी भात्याचे व्हायोलसदृश वाद्य करून त्यावर चिमटा गजासारखा फिरवितो, तर कोणी जनावराच्या जबड्याचे हाड वाजवितो. घरगुती अवजाराला वाद्य समजणे ही क्लृप्ती येथे प्रथम दृढ झाली. पुढील सर्व विनोदी वाद्यचित्रांचा ती एक पाया आहे.

ह्याच कल्पनेला हिएरोनिमस बॉस (सु. १४५०–१५१६) ह्या नेदर्लंड्सच्या चित्रकाराने भयानक रूप दिले. माद्रिद येथील प्रादो संग्रहालयात असलेल्या, सामान्यतः ‘ऐहिक सुखांचे उद्यान’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या त्रिपुट चित्राच्या उजव्या फळीवर नरकाचे दृश्य आहे. तेथे प्रचंड ल्यूट, हार्प, हर्डी-गर्डी व फुंकवाद्ये ही यातनांची साधने बनली आहेत. एक देह हार्पच्या तारांत ताणून बसविलेला आहे. ही वाद्ये सुटी सुटी पाहिल्यास ओळखीची वाटतात. त्यांचे आकारमान, जोडणी आणि उपयोग मात्र काल्पनिक आहेत. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बेट वाद्यसंग्रहासाठी त्यांपैकी काहींच्या प्रतिकृती करून पाहण्यात आल्या, तेव्हा काही वाजविणे अशक्य ठरले आणि काहींचा आवाज अत्यंत कर्कश निघाला. चित्रकाराचा विषय वाद्य हा नव्हताच. इंद्रियसुखाचे साधन शेवटी भोगणाऱ्यालाच कसे बांधून टाकते, हा होता.

आराखडे आणि आश्चर्यसंग्रह : दुसऱ्या वर्गाचे ठळक उदाहरण म्हणजे लिओनार्दो दा व्हिंची (१४५२–१५१९) याची शाईतील रेखाटने. त्याच्या टिपणवह्यांत आपोआप वाजणारे ढोल, घंटा आणि ‘व्हिओला ऑर्गानिस्ता’ ह्या वाद्याचे आराखडे आढळतात. ह्या वाद्यात पट्टी दाबताच तार फिरत्या चाकावर किंवा पट्ट्यावर घासली जाऊन व्हायोलसारखा दीर्घ स्वर निघावा, अशी कल्पना होती. लिओनार्दोने ते घडविल्याचा पुरावा नाही. त्याच तत्त्वावरील एक वाद्य १५७५ च्या सुमारास न्यूरेंबर्ग येथील हान्स हायडेन याने तयार केले व त्याचे चित्र प्रेटोरिउसच्या उपर्युक्त खंडात आहे. लिओनार्दोच्या आराखड्यांवर आधारलेले वाद्य पोलिश पियानोवादक स्लाव्होमिर झुब्झित्स्की याने तयार करून २०१३ मध्ये क्रेको येथे जाहीरपणे वाजविले. म्हणजे जे पाचशे वर्षे काल्पनिक मानता आले असते, ते वस्तुतः केवळ लांबणीवर पडलेले होते.

सतराव्या शतकात शास्त्र, चमत्कार आणि करमणूक यांच्या सीमा पुसट होत्या. आथानाझिउस किर्खर (१६०२–८०) ह्या जेझुइट विद्वानाच्या १६५० मध्ये रोम येथे प्रसिद्ध झालेल्या म्युझुर्जिया युनिव्हर्सालिस ह्या ग्रंथात पक्ष्यांच्या आवाजांचे स्वरलेखन, पाण्याच्या शक्तीने चालणारे स्वयंचलित ऑर्गन, भिंतींतून आवाज वाहून नेणारे शंखाकृती मार्ग अशा विषयांची सचित्र चर्चा आहे. त्यातच ‘मांजरांच्या पियानो’चेही वर्णन येते. निरनिराळ्या उंचीच्या आवाजांची मांजरे ओळीने पेटीत कोंडायची आणि पट्टी दाबली की खिळा शेपटीला टोचून मांजराने ओरडावे, अशी ही योजना खिन्न झालेल्या एका राजपुरुषाला हसविण्यासाठी केली गेली, असे किर्खर सांगतो. ह्या वाद्याची चित्रे पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत निघत राहिली. ते खरोखर घडविले गेल्याचा विश्वसनीय पुरावा मिळत नाही. परंतु प्राणी म्हणजे आवाज काढणारे यंत्र ही त्या काळातील कल्पना इतक्या उघडपणे अन्य कोणत्याही वाद्यचित्रात व्यक्त झालेली नाही.

सतराव्या शतकाच्या अखेरीस निकोला द लार्मसँ ह्या फ्रेंच उत्कीर्णकाने व्यवसायांच्या विक्षिप्त पोशाखांची चित्रमाला काढली. तीत प्रत्येक कारागीर आपल्याच हत्यारांनी मढलेला असून संगीतकाराचा सर्व पोशाख वाद्यांचा बनलेला आहे. रोम येथे १७२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिलिप्पो बोनान्नी याच्या गाबिनेत्तो आर्मोनिको ह्या ग्रंथात शंभराहून अधिक ताम्रपटांवर जगातील वाद्ये व वादक दाखविले आहेत. आशिया, आफ्रिका व अमेरिका येथील काही वाद्ये प्रवाशांच्या सांगण्यावरून काढलेली असल्याने त्यांची रचना संशयास्पद आहे. जेरोमच्या वाद्यांबाबत जे घडले, तेच येथे पुन्हा घडले. फरक इतकाच, की आता प्राचीनतेची जागा दूरत्वाने घेतली.

यंत्रयुगातील उपहास : औद्योगिक क्रांतीनंतर वाद्यचित्रांचा रोख यंत्राकडे वळला. ग्रांव्हील (१८०३–४७) ह्या फ्रेंच व्यंगचित्रकाराच्या अँ ओत्र माँद (‘दुसरे जग’, १८४४) ह्या पुस्तकात वाफेवर चालणारी एक संगीतसभा आहे. तेथे वादकांची गरज उरलेली नाही. लोखंडी अवयवांच्या आकृती ठरल्याप्रमाणे वाद्ये वाजवितात. काष्ठठशावर छापलेली ह्या पुस्तकातील चित्रे काही प्रतींत हाताने जलरंगांत रंगविलेली असत. त्याच सुमारास एक्तॉर बेर्लिओझ (१८०३–६९) ह्या संगीतकाराच्या भव्य वाद्यवृंदावर टीका करणाऱ्या व्यंगचित्रांत वादकांच्या रांगेत तोफ दाखविण्यात आली (१८४६). बेर्लिओझने वाद्यवृंदरचनेवरील आपल्या ग्रंथात ४६७ वादकांच्या एका आदर्श वृंदाचा तपशील दिला आहे व त्यात ३० हार्प आणि ३० पियानो धरले आहेत. असा वृंदही कागदावरच राहिला. संगीतकाराचे स्वप्न आणि व्यंगचित्रकाराची थट्टा यांतील अंतर येथे फारच थोडे आहे.

वास्तवही व्यंगचित्राच्या जवळ येत होते. झां-बातीस्त व्हीयोम (१७९८–१८७५) याने १८५० च्या सुमारास पॅरिसमध्ये घडविलेल्या ऑक्टोबास ह्या तंतुवाद्याची उंची सु. साडेतीन मीटर असून त्याच्या तारा दाबण्यासाठी तरफा व पायपट्ट्या वापराव्या लागतात. सॅक्सोफोनचा जनक आदॉल्फ साक्स (१८१४–९४) याने सात कर्ण्यांचे ट्राँबोन तयार केले. ही वाद्ये संग्रहालयांत आजही पाहावयास मिळतात. केवळ त्यांची चित्रेच उरली असती, तर ती उपहासचित्रे म्हणून सहज खपली असती.

तंत्र : आधुनिक काळात ह्या प्रकारासाठी शाई व जलरंग हे माध्यम रूढ झाले, त्याला कारणे आहेत. टाकाने काढलेली शाईची रेघ बारीक, निश्चित व सहजासहजी न पुसता येणारी असते. तीत यंत्राच्या आराखड्याची विश्वसनीयता येते. खुंट्या, तारा, कळा, नळ्यांचे सांधे हे तपशील तीच दाखवू शकते. जलरंगाचा पातळ थर त्या रेघेवर लाकूड, पितळ, कातडे यांचा भास निर्माण करतो. पण वस्तूला पूर्ण वजन देत नाही आणि कागदाचा पांढरेपणा खालून जाणवत राहतो. अशा चित्रासाठी पाण्याने न विरघळणारी काळी शाई आधी वापरून ती वाळल्यावर रंग देतात. काही चित्रकार मात्र ओल्या रंगावरच रेघ ओढून तिला मुद्दाम पसरू देतात. रेषेने पटवायचे आणि रंगाने हलके करायचे, ही ह्या माध्यमाची सोय असून लहरी चित्राला तिचीच आवश्यकता असते.

रचनेच्या क्लृप्त्या प्रामुख्याने तीन आहेत. पहिली संयोगाची : वाद्याला प्राणी, मानवी शरीर, झाड किंवा स्वयंपाकघरातील भांडे जोडणे. दुसरी प्रमाणभंगाची : वाद्य वादकाला गिळण्याइतके मोठे किंवा बोटावर मावण्याइतके लहान करणे. तिसरी कार्यकारणाच्या साखळीची : एक सोपा स्वर काढण्यासाठी दोऱ्या, कप्प्या, चाके व प्राणी यांची लांबलचक यंत्रणा रचणे. विल्यम हीथ रॉबिन्सन (१८७२–१९४४) ह्या इंग्रज चित्रकाराने आपल्या यंत्रचित्रांतून ही तिसरी क्लृप्ती लोकप्रिय केली. तिन्ही प्रकारांत यश एकाच गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे खऱ्या वाद्याचे ज्ञान. ज्या चित्रकाराला व्हायोलिनची घोडी कशासाठी असते हे ठाऊक नाही, त्याने ती चुकीच्या जागी बसविली तर ते केवळ अज्ञान ठरते. ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हातून त्याचाच विनोद होतो.

पाउल क्ले : हे ज्ञान असलेल्या चित्रकारांत पाउल क्ले (१८७९–१९४०) याचे स्थान अग्रगण्य आहे. संगीतशिक्षकाच्या घरात जन्मलेला क्ले स्वतः उत्तम व्हायोलिनवादक होता आणि तरुणपणी बर्न येथील वाद्यवृंदात वाजवीत असे. बौहाउस ह्या कलाशाळेत शिकवीत असताना त्याने १९२२ मध्ये डी त्स्वित्शर-माशीन (‘चिवचिवाट करणारे यंत्र’) हे चित्र काढले. एका बारीक तारेवर चार पक्षी बसलेले असून ती तार हाताने फिरवायच्या दांड्याला जोडलेली आहे. पक्ष्यांच्या चोचींतून निघालेल्या जिभा बाण किंवा चिन्हे यांसारख्या दिसतात. मागे निळ्या व गुलाबी जलरंगांचे धुके आहे. ह्या चित्रासाठी क्लेने स्वतः विकसित केलेली तैलरंग-संक्रमणाची पद्धती वापरली. काळा तैलरंग लावलेल्या कागदाखाली कोरा कागद ठेवून वरून टोकदार साधनाने रेखाटन गिरविले, की रेघ खाली उमटते. हाताच्या दाबाने पडलेले डागही तसेच राहतात. नंतर जलरंग व शाई यांनी चित्र पूर्ण केले जाते. त्यामुळे रेघेला किंचित खरखरीत, गंजल्यासारखे रूप येते.

दांडा फिरविल्यावर पक्षी गातील की किंचाळतील, हे चित्र सांगत नाही. काहींना त्यात निर्मळ गंमत दिसते, तर काहींना जिवंत गाण्याला यंत्राला जुंपणाऱ्या युगाची सूचना. खालचा खळगा हा सापळा आहे, असेही एक मत आहे. चित्राचा पुढील प्रवास मात्र गमतीचा नाही. ते बर्लिनच्या राष्ट्रीय कलावीथीने विकत घेतले होते. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये क्लेला ड्युसेलडॉर्फ येथील अध्यापकपद गमवावे लागले व तो स्वित्झर्लंडला परतला. त्याची शंभरावर चित्रे ‘अधःपतित कला’ ठरवून जर्मनीतील सार्वजनिक संग्रहांतून काढून घेण्यात आली. त्यांत ह्या चित्राचाही समावेश होता. १९३९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने घेतले व तेथेच ते आहे. जेमतेम ६४ × ४८ सेंमी. आकाराच्या, चार पक्ष्यांच्या ह्या खेळण्यासारख्या चित्राचीही एका राजवटीला अडचण वाटली. पुढे ह्या न वाजणाऱ्या यंत्राला संगीतकारांनी आवाज दिला. गिझेल्हेर क्लेबे याची त्याच नावाची वाद्यवृंदरचना (१९५०) आणि गंथर शुलर याच्या क्लेच्या चित्रांवरील सात वाद्यवृंदरचना (१९५९) ह्या प्रसिद्ध आहेत.

जेरार्ड हॉफनुंग : निव्वळ विनोदी वाद्यचित्रांचा सर्वांत लोकप्रिय चित्रकार म्हणजे जेरार्ड हॉफनुंग (१९२५–५९). बर्लिनमधील ज्यू कुटुंबात जन्मलेला हॉफनुंग नाझी राजवटीमुळे मुलगा असतानाच इंग्लंडमध्ये आला. तो चित्रकला शिकवीत असे, वृत्तपत्रांसाठी चित्रे काढी आणि ट्युबा हे अवजड पितळी वाद्य वाजवी. द माएस्ट्रो (१९५३), द हॉफनुंग सिंफनी ऑर्केस्ट्रा (१९५५), द हॉफनुंग म्यूझिक फेस्टिव्हल (१९५६) इ. छोट्या पुस्तकांत त्याने वाद्यवृंदाचे एक स्वतंत्र विश्व उभे केले. शाईची थरथरती पण अचूक रेघ, आवश्यक तेवढीच छटा आणि कमीत कमी शब्द ही त्याची वैशिष्ट्ये होत. त्याच्या चित्रांतील वादक व वाद्य हळूहळू एकमेकांसारखे दिसू लागतात : फुगलेले गाल ट्युबाच्या वळणात मिसळतात, वाद्याचा स्वभाव वादकाच्या चेहऱ्यावर उतरतो. मोठ्या आकाराच्या रंगीत जलरंगचित्रांतही त्याला गती होती. राव्हेलच्या एका बालविषयक संगीतिकेवरील त्याची चित्रमाला त्याच्या मृत्यूनंतर १९६४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली.

काल्पनिक वाद्यचित्रांच्या इतिहासात हॉफनुंगचे विशेष महत्त्व असे, की त्याने ती चित्रे प्रत्यक्ष रंगमंचावर आणली. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये १३ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याने योजिलेल्या संगीतसभेत माल्कम आर्नल्ड याची तीन व्हॅक्यूम क्लीनर, फरशी घासण्याचे एक यंत्र, चार बंदुका व वाद्यवृंद यांसाठी रचलेली प्रस्तावना सादर झाली. विख्यात हॉर्नवादक डेनिस ब्रेन याने मोट्सार्टचे वडील लेओपोल्ट यांच्या रचनेतील भाग बागेला पाणी घालण्याच्या रबरी नळीवर वाजविला. मध्ययुगीन समासातील भाता आणि चिमटा येथे पुन्हा अवतरले. पण ह्या वेळी ते निष्णात वादकांच्या हाती होते आणि स्वर सुरेल लागत होते. दुसरी सभा १९५८ मध्ये झाली. हॉफनुंग वयाच्या चौतिसाव्या वर्षी निधन पावला. त्यानंतर १९६१ मध्ये आणखी एक सभा झाली आणि पुढे त्याच्या चित्रांवरून हालास व बॅचलर यांनी सचेतपट तयार केले. त्याच दशकात अमेरिकेत डॉ. सूस (१९०४–९१) ह्या बालसाहित्यिक-चित्रकाराच्या कल्पनेतून साकारलेल्या चित्रपटात (१९५३) पाचशे मुलांनी एकाच वेळी वाजवायचा प्रचंड पियानो दाखविला होता. तो एका जुलमी शिक्षकाचा असल्याने बॉसच्या नरकातील वाद्याशी त्याचे नाते जुळते.

अलीकडील अभ्यास : विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत अशी चित्रे विनोदाचे किंवा विकृत समजुतींचे नमुने म्हणून संगीतेतिहासाच्या तळटीपांत राहत. एकविसाव्या शतकात मात्र त्यांचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला असून, दोन अमेरिकन अभ्यासकांनी केवळ काल्पनिक वाद्यांना वाहिलेले एक आंतरजालीय संग्रहालयही उभारले आहे. प्रत्यक्ष वाद्यावर साहित्य, खर्च व कारागिरी यांची बंधने असतात. कल्पित वाद्यावर ती नसल्यामुळे त्या त्या काळाला ध्वनीकडून काय हवे होते आणि ध्वनीची कोणती भीती वाटत होती, हे त्यातून अधिक उघडपणे कळते, ही ह्या अभ्यासामागील भूमिका आहे. नवव्या शतकातील भिक्षूला वाद्यात धर्माज्ञा दिसली, किर्खरला निसर्गाचे गुप्त यंत्र, ग्रांव्हीलला वाफ आणि क्लेला यंत्राला बांधलेला कंठ.

भारतातील संदर्भ : लहरी वाद्यचित्रांचा स्वतंत्र प्रकार भारतीय परंपरेत विकसित झालेला दिसत नाही. येथे कल्पनेचा आकार बहुधा प्रत्यक्ष वाद्यालाच दिला गेला. मयूरवीणा किंवा ताऊस हे गजाने वाजवायचे वाद्य ह्याचे उत्तम उदाहरण होय. त्याचा भोपळा किंवा लाकडी घट मोराच्या देहाचा असून पुढे मान व डोके असते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील एकोणिसाव्या शतकातील नमुन्याला मोराची खरी चोचही बसविलेली आहे. यूरोपीय चित्रकाराच्या कागदावर जे थट्टा ठरले असते, ते येथे दरबारात वाजत होते.

शब्दावरून वाद्य उभे करण्याचा प्रश्न मात्र भारतातही आहे. देवगिरीच्या यादव दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात रचलेल्या संगीतरत्नाकराच्या वाद्याध्यायात एकतंत्री, आलापिनी, किन्नरी, पिनाकी इ. वीणांची मापांसह वर्णने आहेत. त्याने स्वतःच्या ‘निःशंक’ ह्या बिरुदावरून नाव दिलेली एक वीणाही त्यांत आहे. त्यांवरून आज चित्र काढावयाचे झाल्यास मापे ग्रंथातून मिळतात. परंतु खुंटीचे वळण किंवा धरण्याची ढब यांसारखे तपशील चित्रकाराला कल्पनेने भरावे लागतात. तमिळमध्ये विपुलानंद स्वामींनी याळ नूल (१९४७) ह्या ग्रंथात प्राचीन साहित्यातील उल्लेखांवरून ‘याळ’ ह्या लुप्त तंतुवाद्याच्या रचनेचा व स्वरव्यवस्थेचा असाच शोध घेतला.

उलट बाजूचे उदाहरण त्याहून बोलके आहे. भारहूत, सांची व अमरावती येथील शिल्पांत, महाराष्ट्रात भाजे येथील विहारातील नृत्यदृश्यात आणि समुद्रगुप्ताच्या वीणावादक प्रकारच्या सुवर्णनाण्यावर धनुष्याकृती वाद्य दिसते. पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात ते भारतातून हळूहळू नाहीसे झाले आणि ‘वीणा’ हे नाव दांडीच्या व पडद्यांच्या वेगळ्या वाद्यांकडे गेले. नंतरच्या प्रेक्षकाला त्या शिल्पातील वाद्य अपरिचित, शिल्पकाराने मनाने रचलेले वाटावे, अशीच ही स्थिती होती. परंतु वेगवेगळ्या प्रदेशांतील शिल्पांत त्याची रचना सारखी आढळते, वादकाचा हात योग्य जागी असतो आणि म्यानमारमध्ये ‘सौंग’ ह्या नावाने त्याचे सगोत्र वाद्य अद्याप वाजविले जाते. ह्या तीन कसोट्यांवर जेरोमची वाद्ये उतरत नाहीत आणि भाजे येथील वीणा उतरते. चित्रातील वाद्य विचित्र दिसते की परिचित, यावर त्याचे खरेखोटेपण अवलंबून नसते. ते वाजविणाऱ्या हाताला त्यात जागा आहे की नाही, यावर ते प्रथम तपासावे लागते.